इम्पल्सला पुन्हा रस्त्यावर आणणारे पूर्व भागातले अण्णा

गॅरेजला पाटी नाही. सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे गल्लीत शिरलं की यंत्रमागांचा खटखटाट सुरू होतो, आणि त्या आवाजातच एका पत्र्याच्या शेडमध्ये अण्णा गाड्या उघडून बसलेले असतात. हाताखालच्या पोराशी तेलुगूत बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठीत. मी त्यांच्याकडे 2013 ची हिरो इम्पल्स मोटरसायकल नेली होती. तिला हेडलाइट नव्हता, आरसे नव्हते, हॉर्न नव्हता, नंबर प्लेटसुद्धा नव्हती. टेम्पोत घालून न्यावी लागली.

मी डाळिंबाच्या बागा बघते. सोलापुरातून निघायचं, मंगळवेढ्याकडे पन्नासेक किलोमीटर डांबरी आणि मग पाणंद, कालव्याची भरावाची वाट, नाहीतर सरळ काळी माती. स्कूटर पाणंदीत अडकते, आणि नुसती मातीत पळवायची गाडी डांबरीवर चालवता येत नाही. म्हणून इम्पल्स. 150 सीसीच्या जवळचं इंजिन, वजन 134 किलो आणि जमिनीपासून 245 मिलिमीटर उंची. 2011 साली ही गाडी आली तेव्हा आपल्याकडे फारशी कुणाला तिची किंमत कळली नाही, पण ज्याला रोज दोन्ही रस्ते पडतात त्याने एकदा चालवून बघावी. मला ती मिळाली एका हौशी माणसाकडून. त्याने मातीवरच्या शर्यतींसाठी तिच्या अंगावरचं सगळं उतरवून ठेवलं होतं.

अण्णांनी गाडीकडे बघण्याआधी आरसी मागितली. ती हातात घेऊन चेसिसवरचा नंबर चिंधीने पुसला, एकेक आकडा बोटाने जुळवला, मग इंजिनचा जुळवला. नंतर म्हणाले, "ताई, गाडी कागदावर जशी आहे तशी रस्त्यावर पाहिजे. तेवढं असंल तर काम घेतो."

ही गोष्ट मला आधी नीट कळली नव्हती. अमेरिकेतल्या काही राज्यांत मातीची गाडी घ्यायची, तिला दिवे, हॉर्न, आरसा, रस्त्याचे टायर लावायचे, तपासणी करून घ्यायची आणि नंबर मिळवायचा, अशी सोय आहे. तसले व्हिडिओ बघून आपल्याकडेही तसंच होत असेल असं वाटतं. आपल्याकडे तसं होत नाही. कंपनीने ते मॉडेल रस्त्यासाठी मंजूर करून घेतलेलं असावं लागतं आणि नोंदणीला फॉर्म 21 (विक्रीचा दाखला) व फॉर्म 22 (गाडी रस्त्याला योग्य असल्याचा कंपनीचा दाखला) लागतात. कावासाकीच्या केएक्ससारख्या गाड्या फक्त ट्रॅकसाठी विकल्या जातात, त्यांना कितीही दिवे लावले तरी पासिंग नाही. मी शेडमध्ये असतानाच एक मुलगा तसलीच बिनकागदाची गाडी घेऊन आला. लायटी बसवा, नंबरचं मी बघतो, म्हणाला. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. तीन-चार हजारांचं काम होतं ते. माझा त्यांच्यावरचा विश्वास तिथे बसला.

माझी गाडी मात्र मुळात रस्त्याची. एमएच 13 चा नंबर, पंधरा वर्षांची नोंदणी, म्हणजे 2028 पर्यंत चालू. तिला फक्त पूर्ववत करायचं होतं. हे "फक्त" एकवीस दिवस चाललं. सांगितले होते बारा. उशीर झाला तो पार्टमुळे, कारण इम्पल्सचं सामान आता सोलापुरात मिळत नाही. मीटर आणि हेडलाइटचा व्हायझर पुण्याच्या जुन्या पार्टवाल्याकडून आला. हे मला समजतं. पण त्या दिवसांत अण्णांनी स्वतःहून एकही फोन केला नाही, दर वेळी मीच केला. दुसऱ्याची गाडी मागून बागांना जाणाऱ्या माणसाला हे जड जातं.

काम मात्र बघण्यासारखं आहे. आधीच्या मालकाने वायरिंगचा हारनेस, म्हणजे सगळ्या वायरींची जुडी, सीटखाली सरळ कापला होता. बहुतेक ठिकाणी अशी वायर सोलून, पिळून, वर काळी टेप गुंडाळतात. पहिल्या पावसात ती टेप सुटते, आत हिरवट बुरशी येते आणि नेमका रात्री ब्रेकलाइट जातो. अण्णांनी प्रत्येक जोड सोल्डर केला आणि त्यावर स्लीव्ह चढवून लायटरने आवळली. सगळे जोड एकाच जागी आले तर फुगवटा होतो, म्हणून दोन-दोन बोटं मागेपुढे घेतले. मला शेजारी बसवून रंग दाखवले: हिरवी म्हणजे अर्थिंगची, नारंगी डावा इंडिकेटर, आकाशी उजवा, तपकिरी मागची लाइट. "वाटेत बंद पडली तर तुम्हालाच बघायचंय," म्हणाले. सगळं बांधल्यावर हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून मानेपाशी वायर ताणते का ते बघितलं. उजवीकडे थोडी ताणत होती. तीन क्लिपा सोडून पुन्हा बांधली. कच्च्या रस्त्यावर हँडल दिवसभर इकडून तिकडे होतं, तिथे ही बोटभर वायर फार महत्त्वाची.

ब्रेकलाइटचंही तसंच. पुढच्या लिव्हरचा स्विच आणि मागच्या पेडलचा स्प्रिंगवाला स्विच दोन्ही गायब होते. दोन्ही बसवले, आणि मागचा असा लावला की पेडलवर पाय नुसता टेकला की लाइट लागते. मोहोळच्या बाजूला महामार्गावर मागून ट्रक असतात, तिथे मला याचा फार आधार वाटतो.

एका गोष्टीवर आमचा वाद झाला. मला साडीगार्ड नको होतं. वजन वाढतं, चिखल अडकतो, आणि मी कुठे साडीत गाडी चालवते? अण्णांनी ऐकलं नाही. मागच्या माणसाला धरायला काहीतरी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं गार्ड, हे मोटार वाहन नियमांतच लिहिलेलं आहे, नियम 123. शिवाय मालकाने परवानगीवाचून केलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंडाची तरतूद 2019 च्या दुरुस्तीने आली आहे. मी गप्प बसले. गेल्या गुरुवारी आईला मागे बसवून सिद्धेश्वराला नेलं. ती इरकल नेसली होती. सात रस्त्याच्या सिग्नलला वारा आला आणि तिचा पदर सरळ चाकाकडे उडाला, गार्डच्या जाळीवर थटून तिथेच थांबला. मी आरशात बघत होते.

सायलेन्सरही मूळचा बसवला. आधीचा रिकामा नळकांडा होता, त्याच्याबरोबर कार्बोरेटरचा जेटही (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मोठा टाकलेला. नुसता सायलेन्सर बदलला असता तर पेट्रोल जास्त जाऊन पीयूसीत अडकलो असतो, म्हणून जेट परत मूळ मापाचा. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड 1.8 टक्के आलं, मर्यादा 3.5 ची आहे. चेनचं मागचं मोठं चक्र काढून कंपनीच्या मापाचं टाकलं, आता साठच्या वेगाला इंजिन ओरडत नाही. चढावर मातीत थोडा जोर कमी झाला, हे खरं. मला चालतं, कारण माझं चारातले तीन भाग अंतर डांबरीच आहे. टायर दुहेरी वापराचे मी वेगळे घेतले, साइज कंपनीचीच ठेवली. पुढचं मडगार्ड उंच असतं हे या गाडीचं मोठं सुख. पावसाळ्यात काळी माती चाकात भरली तरी चाक फिरत राहतं.

चूक एकच, पण ती टाळता आली असती. अण्णा बाहेर गेले असताना पोराने एलईडी इंडिकेटर लावून दिले. इंडिकेटर लुकलुकवणारा जुना रिले बल्बच्या वॉटवर चालतो, एलईडी फारच कमी ओढते, म्हणून इंडिकेटर पळत सुटल्यासारखे लुकलुकत होते. बघणाऱ्याला बल्ब उडालाय असंच वाटेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी मारावी लागली. अण्णांनी दहा वॉटचे साधे बल्बवाले इंडिकेटर घातले, पैसे घेतले नाहीत. डिलिव्हरीच्या वेळी एक चक्कर मारून बघितली असती तर माझा अर्धा दिवस वाचला असता.

सगळे मिळून 16,800 रुपये झाले, त्यात मजुरी 5,500. टायर आणि नंबर प्लेट सोडून. सुरक्षा नंबर प्लेटचे 450 अधिक जीएसटी वेगळे भरले, 2019 च्या आधीच्या गाडीला ती लागतेच. नाव बदलीचे फॉर्म 29 आणि 30 मी स्वतः केले, त्यात अण्णा पडत नाहीत आणि एजंटही सुचवत नाहीत. बिल मागितल्यावरच मिळालं, तेही वहीच्या पानावर. पार्टची नावं आणि किमती मात्र ओळीने लिहिलेल्या. उतरवलेले जुने पार्ट गोणीत भरून परत दिले.

तुमची गाडी मुळात रस्त्याची असेल आणि मातीसाठी सोलून ठेवलेली असेल, तर इथे न्या. आरसी सोबत ठेवा, सांगितलेल्या दिवसांत आठवडा वाढवून धरा, आणि घ्यायला जाल तेव्हा इंडिकेटर, दोन्ही ब्रेक आणि हाय बीम तिथेच तपासा. माझा न्यूट्रलचा दिवा अजून कधी लागतो, कधी नाही. शुक्रवारी सकाळी दहाला बोलावलंय.