मुलांच्या खोलीतल्या सॅश खिडक्या: आम्ही कसे फसवले गेलो

ब्रिटनमध्ये जुनं, व्हिक्टोरियन काळातलं घर घेतलेल्या आणि घरात लहान मुलं असलेल्या आपल्या लोकांसाठी हे लिहितेय. आमचं घर रेडिंगमधलं, १८९० च्या दशकातलं, लाल विटांच्या चाळवजा रांगेतलं. वरच्या मजल्यावर मुलांच्या खोल्या. तिथे मूळच्या लाकडी सॅश खिडक्या होत्या: वरखाली सरकणाऱ्या दोन चौकटी, आणि बाजूच्या पोकळ खोक्यात दोरीला टांगलेली लोखंडी वजनं. लाकूड कुजलं होतं. त्यात खिडकीची खालची कड जमिनीपासून जेमतेम गुडघ्याएवढी. या काळातल्या घरांत हे सर्रास दिसतं. तीन वर्षांचं मूल सहज चढून बसेल इतकी ती खाली असते.

एका कंपनीचा विक्रेता घरी आला. त्याच्याकडे 'चाइल्ड सेफ' नावाचं पॅकेजच होतं. खोक्यासकट पूर्ण नवी खिडकी, डबल ग्लेझिंग (दुहेरी काच), खालच्या चौकटीत टफन्ड म्हणजे सुरक्षा काच, दोन्ही चौकटी सरकणाऱ्या, उघडझाप मर्यादित ठेवणारे रिस्ट्रिक्टर आणि शेवटी फेन्साचं, म्हणजे खिडक्या बसवणाऱ्या कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचं, काम नियमांप्रमाणे झाल्याचं प्रमाणपत्र. हे सगळं कोटेशनमध्ये लेखी होतं. आजच सही केली तर मोठी सवलत, असंही तो सांगत होता. आगाऊ रक्कम आम्ही क्रेडिट कार्डाने भरली. उरलेली मात्र बँकेतून थेट पाठवा, असा कंपनीचा आग्रह होता.

खिडक्या बसल्या तेव्हा दिसायला देखण्या होत्या. पण वरची चौकट हलेना. "रंग नवा आहे, सुटेल," असं उत्तर मिळालं. खालची चौकट वर केली की टिकेना. प्रमाणपत्र येईना. आणि एका सकाळी धाकटा खिडकीशी उभा असताना वर केलेली चौकट धाडकन खाली आली. त्याचा हात नुकताच कडेवरून निघाला होता. त्या आवाजाने मी जिन्यावरून धावत वर गेले.

मग आम्ही सॅश खिडक्यांचंच काम करणाऱ्या एका वयस्क सुताराला बोलावलं. त्याने आतली पट्टी काढली आणि सगळं उघडं पडलं. खोकं जुनंच होतं, वरून रंगवलेलं. दोऱ्या जुन्या, वजनंही जुनीच. डबल ग्लेझिंगची चौकट एकेरी काचेच्या चौकटीपेक्षा बरीच जड असते. त्यामुळे वजनंही वाढवावी लागतात, आणि खोक्यात जागा कमी असल्याने बहुतेकदा लोखंडाऐवजी शिशाची घालावी लागतात. ते केलंच नव्हतं. वरची चौकट आपोआप खाली घसरू नये म्हणून ती स्क्रूने पक्की ठोकून वरून पुटी आणि रंग मारला होता. पैसे घेतले पूर्ण खिडकीचे, आणि दिल्या नुसत्या चौकटी.

यात मुलांच्या दृष्टीने किती गेलं ते सांगते, कारण मला स्वतःला हे त्या सुताराकडून कळलं. सॅश खिडकीचा मोठा फायदाच हा की खालची चौकट बंद ठेवून वरची खाली ओढता येते. हवा येते आणि मूल पोचू शकत नाही. आमच्याकडे हवेसाठी खालचीच उघडायची सोय उरली होती. रिस्ट्रिक्टर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त उघडू देणार नाही असा हवा, पण मोठ्या माणसाला तो झटकन सोडवता आला पाहिजे. जुन्या खिडकीतून आगीच्या वेळी बाहेर पडता येत असेल, तर नवीतूनही तसं पडता यायला हवं. आमच्या खिडकीला सोडवता न येणारे स्क्रू मारले होते. वरची ठोकलेली, खालची अडकवलेली, आणि आत झोपलेली मुलं! तो विचार अजूनही मनातून जात नाही.

काचेचंही तेच. इंग्लंडच्या नियमांनुसार जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या आत येणारी खिडकीची काच सुरक्षा काच हवी, आणि तिच्या कोपऱ्यात न पुसणारा शिक्का हवा. त्यावर बीएस ईएन १२६०० किंवा १२१५० असा मानकाचा क्रमांक दिसतो. आमच्या काचांवर काहीच नव्हतं.

सगळ्यात संताप आला तो धुळीचा. खोकं जुनंच ठेवल्यामुळे त्याचा जुना रंग त्यांनी मुलांच्या खोलीत कोरडाच घासला होता. त्या काळातल्या रंगाच्या थरांत शिसं असण्याची शक्यता खूप असते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाची धूळ घातक असते. असा रंग ओला करूनच घासायचा असतो, खोली रिकामी करून, आणि नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्यायची असते. आम्ही मुलांना दुसऱ्या खोलीत हलवलं आणि डॉक्टरांशी बोललो.

करारावरचा फेन्सा क्रमांक तपासला तर तो दुसऱ्याच शहरातल्या एका कंपनीचा निघाला. ही पडताळणी फेन्साच्या साइटवर फुकट होते, तेव्हा सहीच्या आधी नाव आणि क्रमांक दोन्ही जुळवून बघा. घरी येऊन केलेला करार एरवी १४ दिवसांत रद्द करता येतो, पण मापाने बनवलेल्या वस्तूंना तो हक्क सहसा लागू नसतो. विक्रेते हे सांगत नाहीत, म्हणून "नंतर रद्द करता येईल" या भरवशावर सही करू नका.

आम्हाला वाचवलं ते कार्डाने. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५ नुसार, १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूसाठी क्रेडिट कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते, मग कार्डाने नुसती आगाऊ रक्कम भरलेली असली तरी. सुताराचा लेखी अहवाल, पट्टी काढल्यावरचे फोटो आणि मूळ कोटेशन जोडून दावा केला. बरीच पत्रापत्री झाली, पण खिडक्या नव्याने करून घेण्याचा खर्च मिळाला. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली, तिथून ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातल्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या सरकारी खात्याकडे जाते. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर तुम्हीही नोंदवा, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी दोन्ही चौकटी स्वतःच्या हातांनी वरखाली करून बघा.