पोरीचा माइनस नंबर दरवर्षी वाढून राहिला: थेंब, खास काचा की लेन्स?

शाळा सुरू व्हायच्या आधी, म्हणजे आपल्या विदर्भात जूनचा शेवटचा आठवडा, पोरीचे डोळे दाखवायला नेलं तर उणे सव्वाचा नंबर एका वर्षात उणे सव्वादोन झालेला. वय नऊ. घरी सगळ्यांचं एकच, आजकाल सगळ्याच पोट्ट्यांना चष्मा असते, मोठी झाली की लेझर करून टाकू. मला पण तेव्हा तसंच वाटायचं, पण डॉक्टर मॅडमनी एक गोष्ट सांगितली आणि माझं डोकंच फिरलं. लेझरनं चष्मा जातो, लांबलेला डोळा परत आखूड होत नाही.

माइनस नंबर वाढतो म्हणजे डोळ्याचा गोळा मागच्या बाजूनं लांब होत जातो आणि आतला पडदा त्यासोबत ताणला जातो. नंबर उणे सहाच्या पलीकडे गेला की पुढच्या आयुष्यात पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याच्या मधल्या भागाची झीज, हे सगळे धोके बरेच वाढतात. म्हणून खरं भांडण चष्म्याशी नाहीच, डोळ्याच्या लांबीशी आहे. ती लांबी मशीनवर मोजता येते, ॲक्सियल लेन्थ म्हणतात, एक मिलिमीटर वाढलं की साधारण अडीच डायॉप्टर (चष्म्याच्या नंबरचं माप) नंबर वाढतो. आमच्या मुलीची एका वर्षात 23.9 मिलिमीटरची 24.3 झाली होती. तुम्ही काहीही निवडा, पण आधी बाहुली मोठी करणारे थेंब टाकून नीट नंबर काढून घ्या आणि ही लांबी कागदावर लिहून घ्या, नाहीतर वर्षभरानं फायदा झाला की नाही हे कशावरून ठरवणार?

आमच्या घरात दोन पोरं आणि दोन वेगळे उपाय, त्यामुळे तुलना आयतीच झाली. माझ्या मुलीला खास काचा, जावेच्या मुलाला थेंब.

थेंबांपासून सांगते. औषध ॲट्रोपिन, तेच जे बाहुली मोठी करायला वापरतात, पण इथं खूप पातळ करून, रोज रात्री झोपताना एकेक थेंब. मोठ्या डॉक्टरांनाही ते नेमकं कसं काम करते हे पूर्ण उलगडलेलं नाही, पण डोळ्याची वाढ मंदावते हे दिसलंय. मुद्दा आहे डोसचा. हाँगकाँगच्या लॅम्प नावाच्या अभ्यासात 4 ते 12 वर्षांची पोरं होती, तिथं एका वर्षात 0.05 टक्के वाल्यांचा नंबर औषध नसलेले साधे थेंब टाकणाऱ्यांपेक्षा 67 टक्के कमी वेगानं वाढला, 0.025 ला 43 टक्के आणि 0.01 ला फक्त 27 टक्के. आपल्या भारतातल्या पोरांवर 0.01 चा अभ्यास झाला त्यात नंबर वाढायचा वेग साधारण निम्म्यावर आला, पण लांबीत ठोस फरक दिसला नाही, आणि अमेरिकेत 2023 मध्ये आलेल्या अभ्यासात तर दोन वर्षं 0.01 टाकून काहीच फायदा निघाला नाही. म्हणून कोणी 0.01 लिहून दिलं आणि सहा महिन्यांनी लांबी धावतच असेल तर गप्प बसू नका, डोस वाढवायचा का ते विचारा. स्वतःच्या मनानं मात्र वाढवू नका.

आणि हो, हे टक्के नीट समजून घ्या, माझा पण आधी गोंधळ झाला होता. 67 टक्के म्हणजे आहे तो नंबर कमी होत नाही. एक डायॉप्टर वाढणार असता तर साधारण एक तृतीयांश वाढेल, एवढाच अर्थ. नंबर मागे नेणारं काहीच नाही, कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर तिथून उठा.

थेंबांचं चांगलं म्हणजे स्वस्त, बाटली काही शे रुपयांत येते, आणि जावेचा मुलगा कबड्डीवाला, महिन्याला फ्रेम तोडतो, त्याच्या डोळ्यावर महागडी काच ठेवणं शक्यच नव्हतं. त्रास म्हणाल तर डोस जास्त असला की उजेड टोचतो आणि जवळचं वाचताना थोडं अंधुक होतं, आणि आपलं एप्रिल-मेचं ऊन तर माहीतच आहे, 45 च्या वर पारा गेल्यावर मोठ्यांनाही डोळे उघडवत नाहीत. हाँगकाँगमध्येही काही पोरांना उन्हात काळ्या होणाऱ्या काचा द्याव्या लागल्या होत्या. बाटली खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका, लेबलवर लिहिलेल्या तापमानात ठेवा, आणि उघडल्यावर महिन्याभरात टाकून नवी. एकदम बंद तर करायचेच नाहीत, डोस जेवढा जास्त तेवढी बंद केल्यावर नंबरची उसळी जास्त, डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात.

आता काचा. दिसायला साधा चष्मा, मधोमध नेहमीचा नंबर आणि भोवती शेकडो बारीक बारीक भिंगं, ती बाजूच्या उजेडाला पडद्याच्या पुढे पाडतात आणि डोळ्याला लांब व्हायचा इशारा कमी मिळतो, असा त्यामागचा विचार. होयाची मायोस्मार्ट आणि एसिलोरची स्टेलेस्ट, ही दोन नावं जास्त ऐकू येतात. मायोस्मार्टच्या हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या अभ्यासात नंबर 52 टक्के आणि लांबी 62 टक्के कमी वाढली. स्टेलेस्टचा चीनमधला अभ्यास, तिथं जी पोरं दिवसाला किमान 12 तास चष्मा घालत त्यांच्यात नंबर 67 टक्के कमी वेगानं वाढला. ते 12 तास महत्त्वाचे आहेत बरं का. घरी आल्यावर चष्मा काढून ठेवणाऱ्या पोरासाठी हे पैसे पाण्यात.

पैसे लागतात, जोडी पाच आकड्यांत जाते, आणि नंबर बदलला की परत नवी जोडी. औषध काहीच नाही, साइड इफेक्ट म्हणावं असं काही नाही, पहिला आठवडाभर कडेनं बघताना पुसट वाटतं म्हणाली, मग सवय झाली. पण फ्रेमचं कोणी सांगत नाही ते मी सांगते. मधला साफ भाग छोटा असतो, चष्मा नाकावरून खाली सरकला की पोर त्या भागाच्या वरून बघायला लागते, आणि उन्हाळ्यात घामानं चष्मा दिवसभर सरकतोच. आम्ही दोनदा फ्रेम बदलली, शेवटी मागून पट्टा लावला तेव्हा जमलं. म्हणून दुकानात काचांची किंमत विचारता तेवढाच वेळ फ्रेम नीट बसवायला द्या.

लेन्सचे दोन प्रकार, आमच्याकडे कोणी वापरत नाही म्हणून थोडक्यात. दिवसा घालायच्या सॉफ्ट लेन्समध्ये मायसाइट आहे, तीन वर्षांच्या अभ्यासात नंबर 59 टक्के कमी वाढला, 8 ते 12 वयाची पोरं होती. रोज नवी जोडी म्हणजे वर्षाला 730 लेन्स, खर्चाचा हिशोब तुम्हीच करा. दुसरी ऑर्थो-के, कडक लेन्स रात्री घालून झोपायचं, ती बुबुळाचा आकार दाबून बदलते आणि दिवसभर चष्म्याविना दिसतं, पोहणाऱ्या, खेळणाऱ्या पोरांना हे फार आवडतं. लांबी साधारण 43 टक्के कमी वाढली असं हाँगकाँगच्या अभ्यासात निघालं. पण रात्री लेन्स म्हणजे बुबुळाला इन्फेक्शनची भीती, कमी असली तरी खरी, आणि झालं तर नजर जाऊ शकते. नळाचं किंवा बोअरचं पाणी लेन्सला कधीच लागता कामा नये. ज्या घरात आई किंवा बाबा रोज रात्री आणि सकाळी स्वतः उभं राहून हात धुऊन घेतील तिथंच हे करा, पोराच्या भरवशावर सोडू नका.

आता उन्हात खेळणं. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत सहा-सात वर्षांच्या पोरांना रोज 40 मिनिटं जास्तीचं बाहेर नेलं, तीन वर्षांनी त्यांच्यात 30.4 टक्क्यांना चष्मा लागला आणि बाकीच्यांत 39.5 टक्क्यांना. म्हणजे चष्मा लागायच्या आधी याचा फायदा पक्का आहे, लागल्यावर वेग कमी करायला तेवढा जोर दिसत नाही. म्हणून मुलीसाठी मी याला काचांच्या जागी धरत नाही, पण धाकट्याला अजून चष्मा नाही, त्याला मात्र रोज बाहेर काढते. घरात ट्यूबलाइटखाली काही शे लक्स उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही हजारोंत. मेमध्ये दुपारी नेणं शक्य नाही, तर सकाळी साडेसहा ते आठ नागपुरातल्या अंबाझरीला नाहीतर सेमिनरी हिल्सला, टोपी घालून, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर कॉलनीतल्या मैदानात. ट्यूशन संध्याकाळी ठेवली की हे सगळं बुडतं, आम्ही ती अंधार पडल्यावर नेली.

काय करू नये तेही सांगते कारण यात आमचं एक वर्ष गेलं. एका चष्म्याच्या दुकानात सांगितलं, नंबर मुद्दाम थोडा कमी द्या म्हणजे वाढणार नाही. आम्ही ऐकलं. कमी नंबर दिल्यानं वाढ थांबत नाही, मलेशियातल्या अभ्यासात तर उलट जास्त वाढली. मोबाइलच्या निळ्या उजेडाच्या काचा नंबर थांबवत नाहीत. आणि चीनमध्ये नंबर रोखायला म्हणून लाल उजेडाचं यंत्र निघालंय, त्यात पडद्याला इजा झाल्याची केस नोंदलेली आहे, मी तर माझ्या मुलीला त्याच्यासमोर बसवणार नाही.

मग निवडायचं कसं? मी असं म्हणेन, पोर सहा-सात वर्षांचं आणि लांबी धावून राहिली, तर थेंब किंवा काचा, जे परवडेल ते, पण लगेच, कारण लहान वयात लागलेला चष्माच पुढे मोठ्या नंबरावर जातो. चष्मा दिवसभर घालणारं शांत पोर असेल आणि पैशाची सोय असेल तर काचा. फ्रेम तोडणारं असेल किंवा दर वर्षी पाच आकडी खर्च जड जात असेल तर थेंब, त्यात कमीपणा काहीच नाही. एकानं भागत नसेल तर डॉक्टर दोन्ही एकत्रही देतात. पंधराव्या वर्षापर्यंत साधारण निम्म्याच पोरांचा नंबर थांबतो, म्हणजे हे चार-सहा महिन्यांचं काम नाही, चार-पाच वर्षं तुमच्या घरात कुठलं निभेल ते बघा. आई-बाबा दोघंही नोकरीवर असतील आणि रात्रीचा थेंब आठवड्यातून तीनदा विसरत असेल तर कागदावरचे 67 टक्के तुमच्या पोराला मिळणार नाहीत.

आमची मोजणी दर सहा महिन्यांनी असते. काचा लावल्यावर पहिल्या वेळी 24.3 ची 24.4 निघाली, मॅडम म्हणाल्या या वयाला हे ठीक आहे. पुढची जूनमध्ये, तोवर पट्टा लावलेला चष्मा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत डोळ्यावर.