ओएसएससी सांगून चारशेचा डबा गळ्यात मारला

जुना कॉम्प्युटर नवीन टीव्हीला नाहीतर मॉनिटरला जोडायच्या खटपटीत कोणी असाल आणि त्यासाठी ओएसएससी, म्हणजे जुन्या मशीनचं चित्र एचडीएमआयवर काढून देणारा डबा, घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा, कारण ज्या माणसाने मला टोपी घातली तो अजून तोच डबा विकतोय, फक्त फोटोतलं टेबल बदललंय.

मशीन आहे मामाचं. डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रम प्लसचीच आवृत्ती, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 1986 च्या सुमारास लायसन्स घेऊन भारतात विकलेली. 48 के रॅम, झेड80 प्रोसेसर, प्रोग्रॅम कॅसेटवरनं लोड करायचे. चालू आहे अजून, कीबोर्डची मेंब्रेन तेवढी बदलली. अडचण एकच, चित्र बघायचं कुठे. मागे जे टीव्हीचं भोक आहे त्यातनं अँटेनाचा सिग्नल निघतो, यूएचएफ चॅनल 36, आणि आमच्या नव्या मॉनिटरला अँटेनाचं भोकच नाही. म्हणून मग सगळे करतात तेच केलं, आतला मॉड्युलेटर, म्हणजे चित्राचा अँटेना सिग्नल बनवणारा भाग, बायपास करून त्याच जॅकवर कंपोझिट, म्हणजे एकाच तारेतनं येणारं साधं चित्र, काढलं. आता पिवळी वायर आली, पण मॉनिटरला फक्त एचडीएमआय.

इथेच धंदा सुरू होतो बघा. एका टोकाला लाल-पांढरी-पिवळी पिन आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी नुसती केबल अडीचशे-तीनशेला मिळते, ती तर अजिबात घेऊ नका. कंपोझिट ॲनालॉग, एचडीएमआय डिजिटल, मधे पॉवर लागणारी चिप असल्याशिवाय चित्र येणं शक्यच नाही, त्या केबलमधे नुसत्या तारा असतात. त्याच्या वरचा प्रकार म्हणजे ती छोटी पांढरी-काळी एव्ही टू एचडीएमआय डबी, चारशे-पाचशेची. ती चालते, पण स्पेक्ट्रमसारख्या मशीनवर रडतखडत. कारण जुने कॉम्प्युटर इंटरलेस न केलेलं (म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन भागांत न तोडलेलं) चित्र पाठवतात, डबीला ते टीव्हीचं इंटरलेस चित्र वाटतं आणि ती दोन फ्रेम एकमेकीत मिसळते. मग सगळं थरथरतं. शिवाय स्पेक्ट्रम 50 हर्ट्झवर चालतो आणि या डब्या बहुतेक 60 वर बाहेर काढतात, त्यामुळे स्क्रोल होताना झटके बसतात.

म्हणून लोक ओएसएससी शोधतात. ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टर. तो चित्र साठवून ठेवत नाही, आलेली प्रत्येक ओळ दोनदा-तीनदा काढतो, त्यामुळे चित्र स्वच्छ आणि उशीर जवळपास शून्य. बाहेरून मागवला तर कस्टम धरून दहा-बारा हजाराच्या पुढे जातो. तर या गृहस्थांची जाहिरात होती की मी घरी असेंबल करतो, डिझाइन ओपन सोर्स आहे, साडेसात हजार, स्पेक्ट्रमवर टेस्टेड. आता यात खोटं काय वाटणार, डिझाइन खरंच ओपन आहे आणि हौशी लोक खरंच घरी बनवतात. बोलणं पण एकदम माहितगाराचं, सर सर करत हळूहळू दादावर आला, माझी मशीन कुठल्या साली आली वगैरे विचारलं. व्हिडिओ पाठवला, स्पेक्ट्रम चालू, मॉनिटरवर चित्र असं की पिक्सेल मोजून घ्यावेत. पैसे यूपीआयवर गेले आणि कुरिअर वेळेत आलं पण.

डबा हातात घेतल्यावर जड लागला, वर काळं ॲक्रिलिक, निळा एलईडी, नाव एकदम टेचात कोरलेलं. जोडला. चित्र आलं, आणि थरथरायला लागलं.

त्याचं म्हणणं, तुमच्या मशीनची यूएलए (चित्र बनवणारी) चिप गेली असणार दादा, मी बघतो, मशीन पाठवून द्या. म्हणजे डबा तर दिलाच, वर मामाचा कॉम्प्युटर पण पाहिजे याला!

मग मी पुरावा शोधायला बसलो. पहिली गोष्ट मॉनिटरच्या मेनूत. इन्फर्मेशनमधे गेलं की कुठलं रिझोल्यूशन आणि किती हर्ट्झ येतंय ते दिसतं. तिथे 60 होतं. ओएसएससी आत जेवढे हर्ट्झ येतात तेवढेच बाहेर सोडतो, 50 चे 60 करतच नाही. दुसरी गोष्ट तर डोळ्यासमोर होती, ती म्हणजे पिवळा जॅक. मूळ ओएसएससीला पिवळा जॅक नसतोच. त्याला स्कार्टचं, म्हणजे युरोपातल्या जुन्या टीव्हींना असायचं ते रुंद सॉकेट असतं, कंपोनंटचं आणि व्हीजीएचं, कंपोझिट तो घेतच नाही.

तिसरी गोष्ट व्हिडिओची. स्पेक्ट्रमवर पेपर 2 आणि इंक 1 करून, म्हणजे लाल पार्श्वभूमीवर निळी अक्षरं, काहीही टाइप करा. कंपोझिटवर त्या अक्षरांच्या कडा फुटतात, रंग शेजारी सांडतो, बारीक ठिपके सरकताना दिसतात. कितीही भारी डबा मधे लावा, पिवळ्या वायरमधे रंग आणि उजेड एकत्र कालवलेले असतात, ते पुन्हा पूर्णपणे वेगळे होत नाहीत. त्याच्या व्हिडिओत एका ठिकाणी अशीच लालवर निळी अक्षरं होती आणि कडा ब्लेडने कापल्यासारख्या. म्हणजे ते चित्र पिवळ्या वायरीतनं आलेलंच नव्हतं. आरजीबीवरचं, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगवेगळ्या तारांतनं आलेलं म्हणावं तर 48 के मशीनला आरजीबीचं सॉकेटच नाही, ते पुढच्या स्पेक्ट्रम 128 मॉडेलपासून आलं. बहुतेक दुसऱ्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर (स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लावून शेजारी मशीन नुसती ठेवली होती. वायर कुठून कुठे जाते ते व्हिडिओत एकदाही दाखवलेलं नाही, हे नंतर बघितलं की कळतं.

शेवटी चार स्क्रू काढले. आत तीच चारशेवाली डबी, तिचं कवच सोलून बोर्ड ठेवलेला, बोर्डावर एव्ही टू एचडीएमआय असं पांढऱ्या अक्षरात छापलेलं तसंच, मुख्य चिपचा नंबर मात्र घासून काढलेला. आणि वजन यावं म्हणून लोखंडी वॉशर ग्लू गनने तळाला चिकटवलेले. घासायची मेहनत घेतली राव, पण बोर्डावरचं नाव विसरला.

फोटो पाठवल्यावर लगेच नरमला. रिफंड करतो म्हणाला, क्यूआर पाठवला, स्कॅन करा आणि पिन टाका की पैसे जमा होतील. हे तर आता सगळ्यांना माहीत पाहिजे, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपलेच जातात. नाही टाकला, तर ब्लॉक केलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली आहे, व्यवहाराचा नंबर, चॅट, व्हिडिओ, उघडलेल्या डब्याचे फोटो सगळं जोडून. फोन जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त असते. माझ्याकडे कुरिअर यायची वाट बघण्यात ते दिवस गेले होते, त्यामुळे फार आशा नाही.

अजून एक, आणि हे पैशापेक्षा गंभीर आहे. सोबत एक 9 व्होल्टचा अडॅप्टर फ्री म्हणून आला होता, स्पेक्ट्रमसाठी खास. मल्टिमीटर लावला तर मधली पिन प्लस. स्पेक्ट्रमला मधली मायनस लागते, आजकालच्या बहुतेक अडॅप्टरच्या बरोबर उलटी. तसाच लावला असता तर आतला व्होल्टेज बनवणारा भाग आणि त्यापाठोपाठ खालच्या 16 के रॅमच्या चिप्स जायची दाट शक्यता, कारण त्या चिप्सना 12, 5 आणि मायनस 5 असे तीन व्होल्टेज लागतात आणि एक बिघडला की त्या मरतात. कोणी फुकट दिलेला अडॅप्टर मीटर न लावता जुन्या मशीनला लावू नका.

सध्या मशीन हॉलमधल्या टीव्हीला लावलंय, त्याला मागे पिवळं एव्ही इनपुट आहे आणि चित्र त्या डब्यापेक्षा कितीतरी बरं येतं. तुमच्या टीव्हीला पिवळ्या जॅकऐवजी छोटं हेडफोनसारखं एव्ही भोक असेल तर टीव्हीसोबत आलेलीच केबल वापरा, बाजारातल्या केबलमधे व्हिडिओ आणि ग्राउंडची जागा वेगळी असू शकते. आणि कोणाकडनं असा चित्र बदलणारा डबा, म्हणजे स्केलर, घेणारच असाल तर एकच शॉट न तोडता मागा, मशीनच्या मागच्या जॅकपासून वायर धरत धरत डब्यापर्यंत, तिथनं मॉनिटरपर्यंत, आणि शेवटी मॉनिटरचा इन्फर्मेशन मेनू उघडून. माझ्या ओळखीच्या एकाने याच माणसाकडे असा व्हिडिओ मागितला, तर म्हणे कॅमेरा खराब झालाय.