टर्मक्स आणि निओव्हिम: फोनवरचा एडिटर स्क्रिप्टने चालवण्याचा काही महिन्यांचा अनुभव

फोनवर टर्मक्समध्ये (अँड्रॉइडवर लिनक्ससारखे टर्मिनल देणारे अ‍ॅप) निओव्हिम (टर्मिनलमध्ये चालणारा एडिटर) उघडून हाताने कोड लिहिणे पहिल्या दिवसापासून नीट जमते. कसोटी लागते ती एडिटर स्क्रिप्टच्या ताब्यात दिल्यावर. होमस्क्रीनवरचे बटण दाबले की गिट पुल व्हावे (सर्व्हरवरचे कोडमधले नवे बदल फोनवर यावेत), ठरलेल्या फाइलींत बदल व्हावेत आणि कमिट पडावे (बदलांची नोंद व्हावी), एवढीच अपेक्षा असते. काही महिन्यांच्या रोजच्या वापरात दिसले ते असे की स्क्रिप्टच्या तर्कातल्या चुका थोड्याच निघतात. बहुतेक वेळा घोळ असतो तो अँड्रॉइड ती स्क्रिप्ट कुठून, कशी आणि किती वेळ चालू देते यात.

पहिली दुरुस्ती जागेची. रेपो (गिटखालचे कोडचे फोल्डर) फोनच्या सामायिक स्टोरेजमध्ये ठेवला की एकाच कारणातून तीन तक्रारी निघतात. तिथल्या फाइलींना चालवण्याची परवानगी मिळत नाही, म्हणून स्क्रिप्ट थेट चालवल्यास 'परमिशन डिनाइड' येते. सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या दुवा-फाइली) बनत नाहीत, म्हणून एनपीएम इन्स्टॉल (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारी कमांड) मधेच कोसळते. शिवाय फाइलींचा मालक वेगळा दिसल्यामुळे गिट 'डुबियस ओनरशिप' म्हणत काम नाकारते. रेपो टर्मक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवला की तिन्ही मिटतात. दुसऱ्या अ‍ॅपला त्या फाइली हव्या असतील तर अँड्रॉइडच्या फाइल निवडण्याच्या खिडकीत टर्मक्सचे होमही दिसते.

यानंतर पाहायचे ते स्क्रिप्ट सुरू कुठून झाली. टर्मिनलमध्ये चालणारी स्क्रिप्ट होमस्क्रीनवरच्या विजेटवरून बंद पडते याचे नेहमीचे कारण म्हणजे तिथे बॅश या शेलची आरसी फाइल (शेल सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) वाचलीच जात नाही. त्यातले एलियस (कमांडची छोटी नावे) आणि स्वतः जोडलेले पाथ (कमांड शोधण्याच्या जागा) गायब असतात. लागणारी प्रत्येक व्हेरिएबल स्क्रिप्टमध्येच लिहावी. पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामाला टर्मिनलच नसते, त्यामुळे निओव्हिम हेडलेस (पडद्याविना चालण्याच्या) पर्यायानेच उघडावा लागतो. टास्करवरून (फोनवरची कामे आपोआप करवणारे अ‍ॅप) चालवायचे असेल तर टर्मक्सच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये बाहेरच्या अ‍ॅप्सना मुभा देणारी ओळ सुरू करावी आणि टास्करला टर्मक्समध्ये कमांड चालवण्याची परवानगी द्यावी. परवानगी राहिली तर काम होतच नाही; ती ओळ मात्र स्क्रिप्ट टर्मक्सच्या टास्कर फोल्डरबाहेर असेल तरच लागते. विजेट, एपीआय (फोनच्या सुविधा स्क्रिप्टला वापरू देणारे), टास्कर ही जोड-अ‍ॅप्स टर्मक्स जिथून घेतले तिथूनच घ्यावीत. अ‍ॅपवरची डिजिटल सही वेगळी असली तर ती बसतच नाहीत.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो एका साखळीने. अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅप्सनी जन्माला घातलेल्या उपप्रक्रियांवर संपूर्ण फोनमध्ये मिळून ३२ ची मर्यादा आहे. लँग्वेज सर्व्हर (एडिटरला कोड समजावून देणारा वेगळा प्रोग्राम), नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), गिट आणि दोन-तीन शेल एकत्र आले की ती ओलांडायला वेळ लागत नाही, आणि सिस्टीम त्यातल्या प्रक्रियांना सिग्नल ९ ने (जबरदस्तीने) मारते. मेलेल्या निओव्हिमची स्वॅप फाइल (न जतन केलेल्या बदलांची तात्पुरती प्रत) मागे राहते. पुढच्या वेळी तीच फाइल उघडताना एडिटर 'ही आधीच उघडी आहे, काय करू?' असे विचारतो, आणि हेडलेस अवस्थेत उत्तर द्यायला कोणी नसते. वरवर पाहता स्क्रिप्ट कारण नसताना अडकलेली दिसते. खरा अपराध आदल्या फेरीतला असतो.

यावर उपाय दोन्ही टोकांना करावा लागतो. अँड्रॉइड १४ वर डेव्हलपर पर्यायांत चाइल्ड प्रोसेसवरचे निर्बंध बंद करण्याची सोय आहे. १३ वर हेच काम एडीबीने (अँड्रॉइडला कमांड देण्याचे डेव्हलपर साधन) ग्लोबल सेटिंग बदलून होते. लांब कामाआधी टर्मक्सचा वेक-लॉक घ्यावा, पण तो फक्त फोनला झोपू देत नाही, ३२ च्या मर्यादेपासून वाचवत नाही. ही गल्लत फार होते. दुसऱ्या टोकाला, स्क्रिप्टमधून निओव्हिम उघडताना 'डॅश एन' देऊन स्वॅप फाइल टाळावी, शेवटी उद्गारचिन्हासह 'सगळे बंद कर' ही आज्ञा (qa!) द्यावी आणि पूर्ण कमांड 'टाइमआउट ६०' मध्ये (६० सेकंदांनी थांबवणाऱ्या कमांडमध्ये) गुंडाळावी.

मग एक्झिट कोडच (कमांड संपताना मिळणारा आकडा) बोलू लागतो: १२४ म्हणजे वेळ संपली, १३७ म्हणजे सिग्नल ९ ने मारले, १२६ म्हणजे फाइल सापडली पण चालवता आली नाही, १२७ म्हणजे कमांडच मिळाली नाही. हा कोड आणि 'सेट डॅश एक्स'चे (चालणारी प्रत्येक कमांड दाखवणाऱ्या पर्यायाचे) आउटपुट होममधल्या लॉग फाइलमध्ये जाऊ द्यावे. रूटमधले टेंप फोल्डर इथे वापरता येत नाही; टर्मक्सची टेंपडिर व्हेरिएबल वापरावी.

फॉरमॅटिंग लँग्वेज सर्व्हरकडून करून घेण्याचा मोह सोडलेला बरा. सर्व्हर जोडला जाण्याआधीच हेडलेस एडिटर बंद होतो आणि फाइल जशीच्या तशी राहते, एररही न देता. फॉरमॅटर थेट फाइलवर चालवावा. तीच फाइल दुसऱ्या खिडकीत उघडी असेल तर ऑटोरीडवर (बाहेर बदललेली फाइल आपोआप पुन्हा वाचण्याची सेटिंग) विसंबू नये. निओव्हिममध्ये 'चेकटाइम' ही आज्ञा दिल्यावर नवा मजकूर खात्रीने तपासला जातो.

लॅपटॉपवरून आणलेली स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला 'बॅड इंटरप्रिटर' म्हणत असेल तर विंडोजचे ओळशेवट (ओळ संपल्याची विंडोजची अदृश्य खूण) तपासावेत. डॉस-टू-युनिक्स कमांडने ते जातात. शीबँगचा (स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीचा) पत्ता चुकला असेल तर टर्मक्सची फिक्स-शीबँग कमांड आहेच.

क्लिपबोर्डवर आधारलेली स्क्रिप्ट मात्र पार्श्वभूमीत भरवशाची होत नाही. अँड्रॉइड १० पासून क्लिपबोर्ड वाचण्याची मुभा समोर उघड्या अ‍ॅपला आणि चालू कीबोर्डलाच आहे. तिथे मजकूर फाइलमधून पुरवावा. आणि एपीआयची कमांड नुसतीच लटकत असेल तर पॅकेज आहे पण एपीआय अ‍ॅप नाही, हे आधी पाहावे.