एसआय५३५१ चा व्हीएफओ, आठ महिन्यांनंतर: कोणता आवाज गेला, कोणता राहिला

रिग, म्हणजे हौशी (हॅम) रेडिओचा संच, साधी आहे. ७ मेगाहर्ट्झचा सिंगल कन्व्हर्जन (फ्रिक्वेन्सी एकदाच बदलणारा) एसएसबी (बोलणं एकाच साइडबँडवर पाठवणारा) ट्रान्सीव्हर, ९ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लॅडर फिल्टर, डायोड रिंग मिक्सर, नियंत्रणाला आर्डुइनो नॅनो आणि ऑसिलेटर म्हणून एसआय५३५१ या फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या चिपचा तयार मिळणारा छोटा बोर्ड. व्हीएफओ (ट्यूनिंगचा बदलता ऑसिलेटर) सिग्नलच्या वरच्या बाजूला, म्हणजे १६.० ते १६.२ मेगाहर्ट्झ. हा बोर्ड नॅनोच्याच ५ व्होल्टवर जोडला की रिग चालू होते, पण हेडफोन लावून दहा मिनिटं बसवत नाही. गुणगुण, कटकट, एक ठाम शिट्टी आणि वर सुरसुर. या चारांची मुळं चार ठिकाणी आहेत. सरसकट कपॅसिटर डकवत सुटलं तर एकही धड जात नाही.

आधी चोर ओळखावा. अँटेना काढून तिथे १०० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर लावा. आवाज राहिला तर तो घरचाच. मग व्हीएफओची कोअॅक्स मिक्सरवरून सोडवा. सुरसुर थोडी कमी होणारच, त्यावर जाऊ नका. गुणगुण किंवा शिट्टी गेली का ते ऐका. तरीही काहीच बदललं नाही तर ऑडिओकडे वळा. एलएम३८६ या ऑडिओ चिपच्या पाचव्या पिनेवर १० ओहम आणि ४७ नॅनोफॅरडची जोडी नसेल तर तो स्वतःच ऑसिलेट होतो आणि आळ व्हीएफओवर येतो.

गुणगुण पुरवठ्यातून येते. नॅनो, डिस्प्ले आणि सिंथेसायझर (तोच एसआय५३५१) एकाच ७८०५ रेग्युलेटरवर असले की डिस्प्लेच्या करंटचे झटके पीएलएलपर्यंत (चिपमधल्या फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या लूपपर्यंत) पोचतात आणि १६ मेगाहर्ट्झवर फेज मॉड्युलेशन होऊन बसतात. बोर्डाला स्वतंत्र ७८एल०५ द्या. त्याच्या आधी १२ व्होल्टच्या लाइनमध्ये २२ ओहम आणि ४७० मायक्रोफॅरड: कटऑफ साधारण १५ हर्ट्झ, आणि ३० मिलिअँपला व्होल्टेज घटतं जेमतेम ०.६६. आयसीच्या पायाशी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक हवाच. सगळ्या बदलांत स्वस्त हाच आणि फरक सर्वात मोठा. ओएलईडी डिस्प्ले मात्र हट्टी निघतो. त्याच्या आतला चार्ज पंप आणि स्कॅनिंग नवीन काही लिहिलं नाही तरी चालूच असतं. साधा १६×२ एलसीडी बसवला की तो प्रश्नच उरत नाही. दिसायला जुनाट, कानाला शांत.

कटकट सॉफ्टवेअरमधली आहे. डायल फिरवताना दर पायरीला टक् असा आवाज येत असेल तर कोडमध्ये रजिस्टर १७७ ला, म्हणजे पीएलएल रीसेटला, प्रत्येक वेळी हात लागतो आहे. त्याची गरज नाही. आउटपुटचा भागाकार कायम ५० ठेवा आणि फक्त पीएलएल हलवा: १६.० ते १६.२ ला व्हीसीओ (पीएलएलचा आतला ऑसिलेटर) ८०० ते ८१० मेगाहर्ट्झ राहतो, ६०० ते ९०० च्या मर्यादेत. पीएलएलच्या अपूर्णांकाचा छेद १०४८५७५ घेतला तर पायरी अर्ध्या हर्ट्झच्या आत येते. ५० हा सम पूर्णांक असल्याने रजिस्टर १६ मधला इंटिजर मोडचा बिट लावता येतो आणि जिटरही (लहरीची थरथर) घटतो. ट्यूनिंगला रजिस्टर २६ ते ३३ एका दमात लिहा, तेही फ्रिक्वेन्सी बदलली तरच. लूपच्या प्रत्येक फेरीत तोच आकडा पुन्हा लिहिणारा कोड सतत खरखर देतो.

शिट्टीचा हिशोब मजेदार आहे. ७.००३ च्या आसपास, सीडब्ल्यूच्या (मोर्सच्या) ऐन जागेत, एक स्वच्छ स्वर बसलेला असतो. बोर्डावरचा क्रिस्टल २५ मेगाहर्ट्झचा, आयएफ (मिक्सरनंतरची मधली फ्रिक्वेन्सी) ९ च्या जवळ. १६ मध्ये ९ मिळवले की २५, म्हणजे बोर्डाचा स्वतःचाच क्रिस्टल रिसीव्हरच्या इमेजवर (मिक्सरमधून तोच आयएफ देणाऱ्या नको त्या फ्रिक्वेन्सीवर) येऊन बसतो. जागा काढायची तर २५ मधून आयएफची दुप्पट वजा करा: फिल्टर ८.९९८५ वर असेल तर ७.००३. खात्री करायची खूण अशी, की डायल फिरवल्यावर खऱ्या स्टेशनचा स्वर ज्या दिशेने सरकतो त्याच्या उलट हा सरकतो. इनपुटच्या बँडपास फिल्टरने हा जात नाही, कारण तो फिल्टरच्या पुढे हवेतून आणि तारांतून शिरतो. पत्र्याचा डबा करून बोर्ड आत ठेवा, चारही कडा सोल्डर करा, पुरवठा १ नॅनोफॅरडच्या फीडथ्रू कपॅसिटरमधून घ्या. तोच कपॅसिटर आय-टू-सीच्या (नॅनो आणि चिप जोडणाऱ्या बसच्या) तारांना लावायचा मोह मात्र टाळा: ४.७ किलोओहम पुलअपबरोबर ४.७ मायक्रोसेकंद होतात आणि बस मधूनच गप्प पडते. तिथे १०० ओहम सिरीजमध्ये, ४७ पिकोफॅरड ग्राउंडला, वेग १०० किलोहर्ट्झ. डब्यानंतर शिट्टी पुसट होते, पुरती मरत नाही. २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावून कोडमधला आकडा बदलला तर ती ९ मेगाहर्ट्झवर, बँडबाहेर जाते.

बीएफओही (एसएसबीचा कॅरिअर पुरवणारा दुसरा ऑसिलेटर) याच चिपमधून घेणं ही चूक ठरते. आउटपुटांमध्ये क्रॉसटॉक (एकाचा सिग्नल दुसऱ्यात गळणं) आहे. व्हीएफओच्या तारेत ९ मेगाहर्ट्झ सापडतो आणि पाठवताना बॅलन्स्ड मॉड्युलेटर कितीही जुळवला तरी कॅरिअर उरतो. फिल्टरच्याच लॉटमधला एक क्रिस्टल घेऊन एका ट्रान्झिस्टरचा कोलपिट्स बीएफओ करा आणि चिपची बाकीची आउटपुट बंद ठेवा. व्हीएफओच्या तारेत ३ डीबीचा पॅड (सिग्नल उतरवणारी रेझिस्टरची जोडणी) हवा: सिरीजमध्ये १८ ओहम, दोन्ही टोकांना ग्राउंडकडे ३०० ओहम.

महिन्यांच्या वापरात बिघडतं ते भलतंच. जंपर वायरचे सॉकेट काळे पडून चुरचुर सुरू होते; तारा थेट सोल्डर केलेल्या बऱ्या. डायलचा एन्कोडर मळतो आणि फ्रिक्वेन्सी मागेपुढे उडते. दोन्ही पायांना १० नॅनोफॅरड लावल्यावर बराच काळ निभतं. डबा पीएच्या (पाठवण्याच्या पॉवर टप्प्याच्या) हीटसिंकशेजारी असेल तर क्रिस्टल सरकतो. १ पीपीएमला (दहा लाखांत एक) १६ हर्ट्झ, बोलण्यात कळणारही नाहीत; पण १० पीपीएमला १६० हर्ट्झ, आणि एफटी८ या डिजिटल पद्धतीला ते फार.

राहिलेली सुरसुर चिपची स्वतःची. रात्री बँड भरला की शेजारच्या तगड्या स्टेशनच्या बोलण्याबरोबर ती वरखाली होते, आणि पुरवठा कितीही गाळला तरी हलत नाही. हे रेसिप्रोकल मिक्सिंग (ऑसिलेटरची सुरसुर तगड्या सिग्नलशी मिसळणं) की इंटरमॉड्युलेशन (तगडे सिग्नल आपसांत मिसळणं), ते १० डीबीचा अॅटेन्युएटर सांगतो: हवा तो सिग्नल आणि सुरसुर दोन्ही १० डीबीच उतरली तर दोष ऑसिलेटरचा, तिसऱ्या ऑर्डरचं इंटरमॉड असतं तर कचरा ३० डीबी कोसळला असता. इथे दोन्ही बरोबरीनेच उतरतात. त्यावर इलाज एसआय५७० ही चिप किंवा चांगला एलसी (कॉइल-कपॅसिटरचा) व्हीएफओ. या बोर्डाकडून त्याहून जास्त निघत नाही.