संस्थेचा ईमेल पत्ता वेबसाइटवर कसा द्यावा: चित्र, कोड की फॉर्म?

दिवाळी अंकासाठी साहित्य मागवणारा पुण्यातील प्रकाशक असो किंवा कोथरूडमधील गृहनिर्माण संस्था, संपर्कासाठी ईमेल पत्ता वेबसाइटवर द्यावाच लागतो, आणि तो दिला की पत्ते गोळा करत फिरणारे बॉट, म्हणजे स्वयंचलित प्रोग्रॅम, हेही तो उचलतात. हे बॉट पानाचा कोड वाचतात, @ या चिन्हाच्या दोन्ही बाजूंचा मजकूर टिपतात आणि तयार झालेल्या याद्या स्पॅम पाठवणाऱ्यांच्या हाती पडतात. उपाय निवडताना बॉटची अडचण आणि पत्र लिहू पाहणाऱ्या माणसाची अडचण या दोन्ही तोलाव्या लागतात. मी दुसरीला अधिक वजन देतो, कारण आलेला स्पॅम खोडता येतो. न आलेल्या पत्राचा मात्र पत्ताच लागत नाही.

त्या दृष्टीने पत्त्याचे चित्र करून लावणे हा सर्वांत वाईट पर्याय ठरतो. चित्रातील अक्षरे ओळखणारी सॉफ्टवेअर आज सहज मिळतात, तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध वाचकाला तो पत्ता कळतच नाही आणि इतरांना तो एकेक अक्षर पाहून टाइप करावा लागतो. चिन्हाच्या जागी ‘ॲट’ आणि टिंबाच्या जागी ‘डॉट’ लिहिण्याची पद्धत निरुपद्रवी आहे, परंतु ती इतकी जुनी आणि सर्वज्ञात आहे की बॉटला ते शब्द बदलून घेण्यासाठी कोडची एखादी ओळ पुरते.

कोडमध्ये पत्ता लपवण्याचे प्रकार यापेक्षा बरे आहेत. @ ऐवजी त्याचा ६४ हा आस्की (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकीय तक्त्यातील) क्रमांक कोडमध्ये लिहिला, तर ब्राउझर वाचकाला नेहमीचे चिन्ह दाखवतो, लिंकही चालते, आणि केवळ चिन्ह शोधणारा साधा बॉट चुकतो. जो बॉट पान ब्राउझरप्रमाणे उलगडून वाचतो, त्याच्यापुढे मात्र याचा उपयोग नाही. जावास्क्रिप्टने, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडने, पत्त्याचे तुकडे पान उघडल्यावर जोडणे अधिक परिणामकारक ठरते. क्लाउडफ्लेअर ही वेबसाइटला संरक्षण पुरवणारी सेवा वापरणाऱ्या साइटवर हेच काम एक सेटिंग चालू करून होते: पत्ता सोळा-आधारी अंकांच्या (० ते ९ आणि a ते f) माळेत जातो, माळेतील पहिले दोन अंक किल्ली असतात आणि पुढची प्रत्येक जोडी त्या किल्लीने उलगडते. जावास्क्रिप्ट बंद असलेल्या वाचकाला पत्ता दिसत नाही, ही त्याची किंमत.

फॉर्ममध्ये पत्ता दाखवावाच लागत नाही, त्यामुळे तो सर्वांत सुरक्षित वाटतो, आणि पत्ता वाचवण्यापुरते ते खरेही आहे. तथापि फॉर्म भरणारे बॉट वेगळे असतात. त्यांच्यासाठी माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवून तो भरलेला आल्यास संदेश टाकून द्यावा, आणि कॅप्चा त्यानंतरच विचारात घ्यावा. कथा पाठवणाऱ्या लेखकाच्या दृष्टीने मात्र फॉर्म गैरसोयीचा असतो: पाठवलेल्या मजकुराची प्रत त्याच्या ‘सेंट’मध्ये राहत नाही आणि अमुक तारखेला कथा पाठवली याचा पुरावाही त्याच्याकडे उरत नाही. सोसायटीत गळतीची तक्रार करणाऱ्या सभासदाचेही तेच. शिवाय अनेक फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता ‘प्रेषक’ म्हणून लावतात. असा संदेश एसपीएफ आणि डीमार्क या प्रेषक खरा आहे का हे पाहणाऱ्या पद्धतींच्या तपासणीत बनावट ठरून स्पॅममध्ये जाऊ शकतो. प्रेषक म्हणून साइटचा स्वतःचा पत्ता ठेवावा आणि भरणाऱ्याचा पत्ता उत्तराच्या रकान्यात द्यावा.

लोकांकडून लांब मजकूर किंवा तक्रारी येत असतील, तर मी जावास्क्रिप्टने झाकलेला, क्लिक करता येणारा पत्ता निवडेन. ठरावीक चौकशीच येत असेल, तर फॉर्म. दोन्हींत पत्ता कोणा पदाधिकाऱ्याचा वैयक्तिक नसावा. संस्थेच्या डोमेनवर केवळ वेबसाइटसाठी वेगळा पत्ता काढावा, म्हणजे स्पॅम हाताबाहेर गेल्यास तो बंद करून नवा देता येतो. जीमेलमध्ये नावापुढे अधिक चिन्ह आणि एखादा शब्द जोडून वेगळा पत्ता देण्याची युक्ती इथे कमी पडते, कारण अधिक चिन्ह आणि त्यापुढचा शब्द काढून टाकला की मूळ पत्ता उघडा पडतो. जो पत्ता आधीच उघडपणे प्रसिद्ध झाला आहे तो आता झाकून फारसे साधत नाही, तो बदलणेच बरे. आणि तो बदलताना साइटवर टाकलेल्या सभासद-यादीच्या व परिपत्रकांच्या पीडीएफ फायलीही तपासाव्यात, कारण त्यांतील मजकूर बॉटला पानाइतकाच सहज वाचता येतो.