रब्बी ज्वारीचं बी कशात भिजवावं: साध्या पाण्यात की कॅल्शियम क्लोराइडच्या?

बी भिजवून पेरावं की नाही, हा वाद आमच्याकडे आता उरलेला नाही. हस्ताचा पाऊस होऊन वाफसा येतो, वर ऊन चटकतं आणि काळ्या रानातली वरची ओल रोज बोटभर खाली सरकते. कोरडं बी आधी पाणी प्यायला बसतं, तोवर वरचा थर कोरडा. भिजवून सुकवलेल्या बियाचं ते काम घरीच उरकलेलं असतं. कोंब फुटायच्या आतली सगळी तयारी झालेली, त्यामुळे मातीत पडलं की मूळ ओलीच्या मागे लागतं. पश्चिम भारतातल्या कोरडवाहू गावांमध्ये १९९० च्या दशकात शेतकऱ्यांच्या रानातच रात्रभर भिजवलेल्या बियाच्या चाचण्या झाल्या, त्यातही हेच दिसलं. वाद आहे तो भिजवायचं कशात, यावर.

मी दोन्ही करून पाहिलंय. रान बालाघाटाच्या उताराखालचं, मध्यम ते भारी. वाण मालदांडी ३५-१, मध्ये दोन वर्षं परभणी मोती. पाच एकरांत एकरी चार किलोनं वीस किलो बी लागतं.

आधी कॅल्शियम क्लोराइडची बाजू सांगतो: या क्षाराच्या पाण्यात भिजवलेलं बी कणखर होतं, पीक पाण्याचा ताण जास्त सोसतं, असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. लिटरला वीस ग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांचं द्रावण. पुडा तांब्याभर पाण्यात आधी विरघळवला तर तांब्या हाताला चांगला गरम लागतो. तो निवू द्यायचा, मगच बादलीत ओतायचा. २०१८ ला मी निम्मं रान याचं आणि निम्मं साध्या पाण्याचं पेरलं. त्या वर्षी परतीचा पाऊस असा दगा देऊन गेला की ऑक्टोबरअखेर सरकारला राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. त्या रब्बीत कॅल्शियमचं रान दुपारी जरा उशिरा माना टाकायचं, असं मला वाटलं. वाटलं म्हणतो, कारण मी काही मोजलेलं नाही. त्या बाजूचं रान मुळातच थोडं खोल आहे, हेही कबूल करायला हवं.

मग बिनसलं कुठं? चाड्यात, म्हणजे तिफणीच्या ज्या वाडग्यात मुठीनं बी सोडतात त्यात.

कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. पुडा उघडा राहिला तर दोन दिवसांत चिखल होतो. तेच बियाच्या सालीवर बसलेलं असतं. दुपारभर सावलीत सुकवलं, मुठीतून खळाळून पडायला लागलं, म्हणून आम्ही पोत्यात भरलं. रात्री आभाळ आलं, हवा दमट झाली. सकाळी तिफण जुंपली तर बी घाम आल्यासारखं. चाड्यावर आई होती. चाळीस वर्षं तिनं मूठ धरलीय, बोटांच्या फटीतून दाणे कसे सोडायचे ते तिला बघावं लागत नाही. दुसऱ्याच ओळीला ती थांबली. म्हणाली, "बी हाताला धरतंय रे, सुटंना." तळहात उघडून दाखवला तर दाणे चिकटून बसलेले, तांदळाची खीर वाळल्यासारखे. पदराला हात पुसत पुसत तिनं दिवस काढला. नळ्यातही दोनदा बी अडकलं, काडी घालून मोकळं करावं लागलं. आठ दिवसांनी उगवण बघितली तर एका जागी दाण्यांचा झुबका आणि पुढं दोन हात ओळ रिकामी. रब्बीत नांग्या भरायच्या, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोकायचं, ते कशाच्या जिवावर? वर ओलच नसते. बी कणखर झालं असेलही, पण ते जागेवर पडायला तर हवं.

पुढच्या वर्षी कुणीतरी सुचवलं, द्रावणातून काढल्यावर बी एकदा साध्या पाण्यातून काढ. काढलं. चिकटपणा बराच कमी झाला. पण औषध लावून ते धुवायचं, म्हणजे नेमकं काय राहिलं, हे मला आजवर उमगलेलं नाही. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानं पेरणाऱ्या शेजाऱ्याचंही बी पेटीत तसंच धरलं होतं, म्हणजे दोष आईच्या मुठीचा नव्हता.

साध्या पाण्याचं तसं नाही. रात्री आठ-नऊला बी बुडेल एवढं पाणी घालायचं, पहाटे पाच-सहाला उपसायचं. आठ तास पुरे, दहाच्या वर मी जात नाही. एकदा लग्नघरी अडकलो आणि बी दुपारपर्यंत बादलीत राहिलं; पांढरे मोड दिसायला लागले. मोड आलेलं बी सुकवलं की मेलंच. ते कोंबड्यांना घातलं. वेळेवर काढलं तर पडवीत बारदानावर पसरायचं, उन्हात नाही, तासातासाला हात फिरवायचा. सुकलं की मूळच्यासारखं सुटं होतं. मध्येच पाऊस आला नि पेरणी दोन-चार दिवस लांबली तरी ते खळखळतंच राहतं. त्याहून जास्त मात्र ठेवू नये, भिजवलेलं बी टिकत नाही. म्हणून मी वीस किलो एकदम भिजवत नाही, उद्या जेवढं पेरणार तेवढंच. आणि पाणी लागतं किती? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या आधीच्या रब्बीतही बादलीभर पाणी आमच्या घरात होतंच.

पुढचं दोन्हीकडे सारखंच: सुकल्यावर काणी या कणसाच्या बुरशीरोगासाठी किलोला चार ग्रॅम गंधक, आणि ॲझोटोबॅक्टर, पीएसबी ही जिवाणू खतं सगळ्यात शेवटी. दुकानातलं रंगीत, औषध लावलेलं बी मात्र कशातच भिजवू नका. औषध धुऊन जातं आणि ते पाणी जनावरांच्या तोंडाला लागलं तर वेगळीच आफत. सोयाबीनलाही हे लावू नका, त्याची साल नाजूक, भिजली की फाटते. आणि खडखड्या, म्हणजे ताट बुडाशी पोकळ करून लोळवणारा रोग, यायचा तर येतोच, भिजवण्यानं तो थांबल्याचं मी पाहिलेलं नाही.

तुमचं रान हलकं, मुरमाड असेल, घरात सुकवायला दोन दिवस आणि कोरडी हवा मिळणार असेल, तर कॅल्शियम एखाद्या एकरावर जरूर करून बघा. माझ्याकडं एक पुडा राहिलाय, गोठ्यातल्या कोनाड्यात. परवा बघितला तर पिशवीत निम्मं पाणीच झालं होतं. पेरणी दहा दिवसांवर आलीय. आईनं बादली घासून पालथी घालून ठेवलीय.